रेंडरिंगच्या टूलमधली बटणं लपवून ते सोपं होतं का? जरा सविस्तर सांगते

प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. राजारामपुरीतल्या काही इंटेरिअर ऑफिससाठी या भावानं ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरवर अॅड-ऑन, म्हणजे वरनं जोडायचं टूल, लिहिलाय, आत रेंडर करणारं, म्हणजे मॉडेलवरनं फोटोसारखी इमेज काढणारं, सायकल्स इंजिन आहे, एकाच पॅनलमध्ये साठेक सेटिंग आहेत, आणि ऑफिसातली पोरं ते थोडे दिवस वापरून परत आपल्या जुन्या पद्धतीवर गेलीत. विचारलं की "लय अवघड हाय" एवढंच सांगतात. आता सिंपल मोड काढून पन्नास सेटिंग लपवू का, लेबलं मराठीत करू का, का आयकॉन मोठे करू, असं त्याचं विचारणं आहे.

मी कोल्हापुरातच इंटेरिअर आणि फर्निचरचे थ्रीडी व्ह्यू करते, आणि अलीकडं ऑफिसांना त्यांच्या त्यांच्या कामाप्रमाणं टेम्प्लेट आणि छोटी टूलं बनवून देते, वर ऑपरेटर पोरापोरींना शिकवते पण. त्यामुळं दोन्ही बाजूनं बघायला मिळालंय, वापरणाऱ्याच्या खुर्चीत बसून आणि त्याच्या मागं उभं राहून.

माझ्या मते साठ सेटिंग हा मूळ प्रश्नच नाही. ऑटोकॅडमध्ये शेकडो कमांड आहेत, आपली पोरं त्यात डोळे झाकून काम करतात. रेंडरिंगमध्ये वेगळं काय होतं की माणूस एक आकडा बदलतो आणि त्यानं नेमकं काय झालं हे त्याला वेळेत दिसत नाही, दिसलं तरी ते कुठल्या आकड्यामुळं झालं हे कळत नाही, आणि बिघडलं तर मागं कसं यायचं ते सापडत नाही. पूर्वी फोटोचा रोल धुवून आल्यावरच कळायचं की फोटो काळा पडलाय, तोवर कॅमेरा कसा लावला होता तेच आठवत नसायचं, तशातला हा प्रकार आहे. अशा ठिकाणी साठातली पन्नास बटणं लपवलीस तरी उरलेल्या दहांबाबत माणूस तितकाच अडाणी राहतो.

आता कशावर काय अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण सरसकट उत्तर यात नाही. दिवसभर रेंडरच करणारा ऑपरेटर आणि पंधरा दिवसांतनं एकदा रेंडर काढणारी आर्किटेक्ट बाई, यांना एकच पॅनल चालत नाही. ऑपरेटरला शॉर्टकट पाहिजेत, गोष्टी जिथल्या तिथं राहायला पाहिजेत, त्याची सवय मोडली की तो चिडतो. बाईंना मात्र प्रत्येक वेळी नव्यानं आठवायला लागतं, त्यामुळं त्यांना समोर दिसलं पाहिजे. मशीन पण बघ. चांगलं आरटीएक्स ग्राफिक कार्ड असलेल्या ऑफिसात व्ह्यूपोर्ट, म्हणजे काम करतानाची थ्रीडी खिडकी, लगेच साफ दिसतो, तिथं तुझं निम्मं काम हार्डवेअरच करून टाकतंय. जुन्या आय फाईव्हवर सीपीयूनं रेंडर काढणाऱ्या ऑफिसात तेच पॅनल छळ वाटतो. आणि ते स्टिल, म्हणजे एकेक इमेज, काढतात का वॉकथ्रू, म्हणजे खोलीतनं फिरवणारा व्हिडिओ, हे पण विचारून घे, कारण वॉकथ्रूमध्ये सगळ्या चुका फ्रेमच्या संख्येनं गुणल्या जातात.

हे पॅनल मुळात असे का झाले हे समजून घेतलं तर पुढचं सोपं जाईल. जेम्स काजियानं १९८६ मध्ये रेंडरिंग इक्वेशन, म्हणजे उजेड पृष्ठभागांवरनं कसा पसरतो त्याचं गणित, मांडलं, त्यानंतरची सगळी इंजिनं म्हणजे ते इक्वेशन परवडेल अशा वेळात कसं सोडवायचं याच्या युक्त्या. आणि प्रत्येक युक्तीला दोन-चार आकडे लागतात, प्रोग्रामरनं ते आकडे जसेच्या तसे उचलून स्क्रीनवर ठेवले. जुन्या व्ही-रे या रेंडर इंजिनमध्ये काम केलेल्यांना इरॅडियन्स मॅपचे मिन रेट, मॅक्स रेट आठवत असतील, उणे तीन, उणे दोन असले आकडे टाकायचे, शेजारी हेमिस्फिअर सबडिव्हिजन आणि इंटरपोलेशन सॅम्पल्स. ते आकडे खोलीबद्दल काही सांगत नव्हते, क्लायंटला काय पाहिजे त्याबद्दल तर नाहीच, ते फक्त अल्गोरिदमच्या आतल्या गोष्टीबद्दल होते. म्हणून सगळीकडं सेटिंगचे स्क्रीनशॉट आणि पेनड्राइव्हवरच्या फाईली फिरायच्या, "हे टाक, चांगलं येतंय" म्हणून. समजून कोणीच टाकत नव्हतं आणि त्यात त्यांचा दोष काहीच नव्हता.

मग प्रागमध्ये ओंद्रेय कार्लिक या विद्यार्थ्यानं २००९ मध्ये कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून कोरोना रेंडरर चालू केला, तो पुढं इंटेरिअरवाल्यांत एवढा का चालला ते बघ. त्यानं विचारायचे प्रश्नच बदलले. किती वेळ चालवू? किती नॉइज, म्हणजे इमेजमधले दाणे, चालेल? किती पास करू? यातलं कुठलंही एक सांग, बाकी इंजिन बघून घेईल. खोलातली सेटिंग होती, पण ती लोकांच्या रोजच्या वाटेवर ठेवली नव्हती. २०१७ मध्ये व्ही-रेवाल्या केऑसनंच कोरोना विकत घेतलं. ब्लेंडरनं पण ३.० मध्ये, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरला, सायकल्समध्ये नॉइज थ्रेशोल्ड मूळ सेटिंग म्हणून चालू केला, म्हणजे इमेजचा जो भाग साफ झाला तिथं इंजिन आपोआप थांबतं आणि उरलेली ताकद कोपऱ्यातल्या अंधारावर लावतं. हे सोपं झालं ते बटणं लपवल्यामुळं नाही, खालचं इंजिन बदलून वरचा प्रश्न बदलला त्यामुळं झालं.

तर तुझ्या पॅनलमधल्या प्रत्येक आकड्यासमोर बसून एवढंच विचार, हा प्रश्न वापरणाऱ्याचा आहे का इंजिनचा? इंजिनचा असेल तर तो तुला कोडमध्ये सोडवता येतो का बघ. उदाहरणार्थ सॅम्पल्स, म्हणजे प्रत्येक पिक्सेलसाठी इंजिन किती वेळा किरण सोडून बघतं तो आकडा. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये १ ते ४०९६ चा सरळ स्लायडर दिसतोय. आता मॉन्टे कार्लो, म्हणजे असे नमुने घेऊन उत्तर काढायची पद्धत, तिचा नियम असा की नॉइज निम्मा करायचा तर सॅम्पल चौपट लागतात. म्हणजे १२८ चे १५० केले तर डोळ्याला काही फरक पडत नाही, आणि ३००० चे ३५०० केले तर फक्त वेळ जातो. पण स्लायडर बघून माणसाला वाटतं की थोडं सरकवलं की थोडं सुधारेल. त्यापेक्षा सरळ चार पायऱ्या दे, ६४, २५६, १०२४, ४०९६, प्रत्येक पायरीला नॉइज निम्मा आणि वेळ साधारण चौपट. आणि समोर या सीनला या मशीनवर अंदाजे किती मिनिटं लागतील ते लिही. तो अंदाज काढणं अवघड नाही, पहिली थोडी सॅम्पल्स चालवून तो वेळ मोजायचा आणि गुणायचं, सीन लोड व्हायचा वेळ वेगळा धरायचा. अंदाज थोडा चुकला तरी चालतोय, "पाच मिनिटं का दोन तास" एवढं कळलं तरी माणूस चहाला जायचं का जेवायला ते ठरवू शकतो. सायकल्सला टाइम लिमिट देता येतं हे तर लय जण विसरतात. क्लायंट दारात आलाय आणि दहा मिनिटात इमेज पाहिजे, अशा वेळी तेच खरं सेटिंग असतं, ते वर आण.

मटेरिअलचं पण असंच आहे. डिस्नेच्या ब्रेंट बर्ली यांनी २०१२ च्या सिग्राफ या ग्राफिक्स परिषदेत जो प्रिन्सिपल्ड शेडर, म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारं मॉडेल, मांडला, ब्लेंडरमध्ये तो २.७९ पासून आहे, त्यामागं ठरवून घेतलेले नियम होते. आकडे भौतिकशास्त्रातले नकोत, कलाकाराला समजतील असे पाहिजेत. होतील तेवढे कमी पाहिजेत. शून्य ते एकमध्ये नेहमीचं सगळं बसलं पाहिजे. गरज असेल तिथं त्याच्या बाहेर जाऊ द्यायचं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा नियम म्हणजे आकड्यांची कुठलीही जोडी लावली तरी निकाल जमेल तितका पटण्यासारखाच यायला पाहिजे. मूळ मॉडेलमध्ये एक रंग आणि दहा आकडे, संपलं. हा शेवटचा नियम तुझ्या पूर्ण पॅनलला लावून बघ. माणसानं चुकून कुठलंही बटण कुठंही नेलं तरी इमेज काळीकुट्ट येणार नाही, मशीन लटकणार नाही, एवढी काळजी तू घेतलीस की तो हात लावायला घाबरणार नाही, आणि घाबरला नाही की शिकतो. मी शिकवताना हे बघत आलेय, पोरं अवघड गोष्टीला घाबरत नाहीत, जिथनं परत येता येत नाही त्याला घाबरतात.

परत येण्याबद्दल बोललेच तर, तू पायथनमध्ये जे ऑपरेटर, म्हणजे बटणामागचे कोड, लिहिलेस त्यात बीएल ऑप्शन्समध्ये रजिस्टर आणि अंडू (बदल मागं घ्यायची सोय) दोन्ही टाकलेस का? अंडू टाकलं नसेल तर तुझं बटण दाबल्यावर कंट्रोल झेड नीट चालणार नाही, आणि वापरणाऱ्याला वाटणार की हे टूल फाईल खराब करतंय. एकदा असं वाटलं की विषय संपला, तो परत त्या पॅनलला हात लावत नाही. दुसरं, ब्लेंडरमध्ये कुठल्याही आकड्यावर माउस ठेवून बॅकस्पेस दाबलं की मूळ किंमत येते, हे आपल्याकडं फार कमी जणांना माहीत असतंय. तू प्रत्येक बदललेल्या आकड्यासमोर छोटं परतीचं बटण दे, जे बदललंय तेवढ्यालाच. त्यानं दोन कामं होतात, मागं जाता येतं आणि या फाईलमध्ये कोणी काय काय बदललंय ते एका नजरेत दिसतं. ऑफिसात एक फाईल तीन जणांच्या हातनं जाते, तिथं याचा किती उपयोग होतो ते बघशीलच.

आता दिसण्याबद्दल. जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा अजून तशाच लागू आहेत. दशांश सेकंदात उत्तर आलं तर माणसाला वाटतं मीच हलवतोय, एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, आणि दहा सेकंदांपुढं गेलं की लक्ष उडतं, मोबाईल हातात येतो. रेंडरिंगमध्ये फायनल इमेज दहा सेकंदात द्यायची गरजच नाही, पण बदलाचा परिणाम पहिल्या सेकंदात दिसला पाहिजे, भले धूसर दिसू दे. त्यासाठी व्ह्यूपोर्टमध्ये दाणे पुसणारा डिनॉइजर चालू ठेव, पिक्सेल साइज वाढवून आधी जाडंभरडं दाखव, मग साफ होऊ दे. आणि तुकड्याचं रेंडर हाताशी ठेव. कॅमेरा व्ह्यूमध्ये कंट्रोल बी दाबून चौकट ओढली की तेवढाच भाग रेंडर होतो, पण हे शॉर्टकट माहीत असणाऱ्यालाच माहीत. "फक्त एवढाच भाग बघू" असं ठळक बटण दे. ऑपरेटरचं निम्मं काम सोफ्याचं कापड आणि फॉल्स सीलिंगची लाईन एवढ्यापुरतंच चाललेलं असतं, त्यासाठी पूर्ण हॉल परत परत रेंडर करत बसायचं काय कारण?

उजेडावर जरा जास्त बोलते कारण इंटेरिअरवाल्यांची सगळ्यात मोठी तक्रार तीच असते, "इमेज डार्क येतीय". अशा वेळी लोक काय करतात, अजून चार लाईट टाकतात, नाहीतर बाउन्स, म्हणजे उजेड किती वेळा आपटून परत उडतो ते, वाढवतात, त्यानं नॉइज आणि वेळ दोन्ही वाढतं आणि खोली सपाट दिसायला लागते. बऱ्याचदा तिथं एक्सपोजर वाढवायला पाहिजे होतं, बास. पण ब्लेंडरमध्ये एक्सपोजर दोन ठिकाणी आहे, एक फिल्मच्या खाली आणि एक कलर मॅनेजमेंटच्या खाली, दोन्हीचं नाव तेच, आणि वागणं वेगळं. फिल्मवालं सरळ गुणतं, कलर मॅनेजमेंटवालं कॅमेऱ्याच्या स्टॉपसारखं, म्हणजे १ वाढवलं की उजेड दुप्पट. शिवाय ईएक्सआर या कच्च्या इमेज फाईलमध्ये सेव्ह केलं तर फिल्मवालं फाईलमध्ये जातं आणि दुसरं जात नाही. नवख्या माणसाला हे कळावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. तू तुझ्या पॅनलमध्ये एकच ठेव, स्टॉपवालं, आणि ते सगळ्यात वर, व्ह्यूपोर्टच्या जवळ ठेव. "उजेड कमी-जास्त" हा दिवसात सगळ्यात जास्त वेळा वापरला जाणारा कंट्रोल असणार आहे, तो तिसऱ्या घडीच्या आत असून कसं चालेल?

आणि वॅट. ब्लेंडरचा पॉइंट लाईट वॅटमध्ये आहे, पण ते वॅट म्हणजे दिव्यातनं बाहेर पडणारी प्रकाशाची ताकद, बल्बच्या खोक्यावर छापलेले विजेचे वॅट नव्हेत. डिझायनर खोक्यावर ९ वॅट बघतो, ९ टाकतो आणि मग त्याचा कशाशीच ताळमेळ बसत नाही. त्याला वॅट विचारूच नको. लाईटच्या दुकानात तो जसं बोलतो तसं विचार, बल्ब का पॅनल का स्ट्रिप, किती लुमेन, आणि वॉर्म ३०००, नॅचरल ४००० का कूल ६५०० केल्विन. लुमेनवरनं ब्लेंडरचे वॅट काढायचं गणित तू आत एकदाच लिहून ठेव. असं केलंस की पीओपी करणारा, इलेक्ट्रिशियन, डिझायनर आणि तुझं टूल एकाच भाषेत बोलायला लागतात, आणि रेंडरमध्ये दाखवलेला उजेड साईटवर खरंच येण्याची शक्यता वाढते. मला तर वाटतं या एकाच गोष्टीसाठी लोक तुझं टूल ठेवून घेतील.

सिंपल मोडबद्दल. व्ही-रे ३ मध्ये २०१४ च्या सुमारास बेसिक, अॅडव्हान्स्ड, एक्स्पर्ट अशा तीन पायऱ्या दिल्या होत्या, त्यामुळं कल्पना वाईट नाही. पण प्रत्यक्षात दोन अडचणी येतात. आपली पोरं यूट्यूब बघून शिकतात, व्हिडिओतलं सेटिंग आपल्या स्क्रीनवर दिसत नाही म्हटल्यावर कायमचं एक्स्पर्टवर टाकून ठेवतात आणि तुझी सगळी मेहनत वाया. दुसरी अडचण जास्त वाईट, लपलेलं सेटिंग लपून पण काम करत असतं. कोणीतरी आत क्लॅम्प, म्हणजे उजेडाची कमाल मर्यादा, बदलून ठेवलाय, वर सिंपल मोडमध्ये काही दिसत नाही, आणि हायलाईट मेलेले का दिसतायत हे शोधण्यात दुपार जाते. म्हणून पूर्ण मोड करू नकोस, विभागाविभागाला घडी ठेव, आणि बंद घडीच्या आत काही बदललेलं असेल तर घडीच्या नावासमोर एक ठिपका दाखव. ब्लेंडर ४.० मध्ये प्रिन्सिपल्ड शेडरचं असंच केलंय बघ, कोट, शीन, ट्रान्समिशन वेगवेगळ्या घड्यांत गेलं, रोजचं वर राहिलं. काही लपलं नाही, फक्त वाटेतनं बाजूला झालं.

प्रीसेट दे, पण "लो, मिडियम, हाय" असले नकोत, त्यानं कोणालाच काही कळत नाही, सगळे हायच दाबतात. इमेज जाणार कुठं त्यावरनं दे. व्हॉट्सअॅपवर पाठवायला १९२० बाय १०८० पुरे. ए थ्री प्रिंट ३०० डीपीआयनं पाहिजे तर ४९६१ बाय ३५०८. साईटवर लावायच्या फ्लेक्सला लांबूनच बघतात, त्याला इंचाला ३०० ठिपके काढत बसणं म्हणजे मशीन उगाच तापवणं. आणि प्रीसेट लावल्यावर काय काय बदललं ते खाली एका ओळीत दिसू दे, कॅमेरा आणि लाईटला प्रीसेटनं कधीच हात लावायचा नाही.

प्रीसेटवरनंच एक, जे तुला ऑफिसात जाऊन बसल्याशिवाय दिसणार नाही. पोरं नवीन कामाला नवीन फाईल उघडतच नाहीत. मागच्या क्लायंटची चांगली आलेली फाईल उघडतात, मॉडेल काढून टाकतात, नवीन मॉडेल आणून बसवतात. आपल्याला ते गचाळ वाटतं, पण त्यांच्या दृष्टीनं ती जुनी फाईल म्हणजेच खात्रीचं सेटिंग, एकदा चांगलं आलेलं. तू म्हणतोस ना ते जुन्या पद्धतीवर गेले, ती जुनी पद्धत हीच असणार. तिच्याशी भांडू नकोस. "जुन्या फाईलमधनं घ्या" असं बटण दे, आणि काय काय घ्यायचं ते टिक करू दे, फक्त लाईट, फक्त कॅमेरा, फक्त रेंडर सेटिंग. त्यांची सवय राहते आणि जुन्या फाईलीतला कचरा नवीनमध्ये येत नाही.

मग रेंडर दाबायच्या आधीची तपासणी. हे माझ्या अनुभवात सगळ्यात कमी कष्टाचं आणि सगळ्यात जास्त दुवा मिळवून देणारं काम आहे. एफ १२ दाबल्यावर टूलनं स्वतःच बघावं, आउटलायनर या वस्तूंच्या यादीत डोळा चालू पण कॅमेऱ्याचं चिन्ह बंद अशी काही वस्तू आहे का, कारण मग सोफा व्ह्यूपोर्टमध्ये दिसतो आणि फायनलमध्ये गायब. मघाचची तुकड्याची चौकट चालू राहिलीय का. रिझोल्यूशनचा टक्का ५० वर राहिलाय का. कुठलं टेक्श्चर सापडत नाहीये का, म्हणजे गुलाबी-जांभळी भिंत सकाळी उठून बघायला नको. हे बघून दोन-तीन ओळीत सांग आणि प्रत्येक ओळीसमोर "दुरुस्त कर" दे. माणसाला अडवू नको, "तरीपण रेंडर कर" ठेवच, कारण कधीकधी त्याला मुद्दाम तसंच पाहिजे असतं.

एरर मेसेज पण याच हिशोबात धर. "सिस्टम इज आउट ऑफ जीपीयू मेमरी" एवढं आलं की पोरगं मशीन रिस्टार्ट करतं, परत तेच. तिथं लिही की टेक्श्चर जड झालीत, सिम्प्लिफायमध्ये टेक्श्चर लिमिट २०४८ करू का? आणि हो म्हटलं की तूच कर.

लाईट जाण्याचा विचार केलायस का? आपल्याकडं जुलैच्या पावसात काय होतंय ते तुला सांगायला नको. वॉकथ्रू कधीच सरळ व्हिडिओ फाईलमध्ये रेंडर करू देऊ नकोस, मूळ सेटिंग पीएनजी फ्रेमचंच ठेव, मग मध्येच लाईट गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात. ओव्हरराइट बंद ठेवलं की परत चालू केल्यावर झालेल्या फ्रेम सोडून पुढं जातंय. पण एक बारकी गोष्ट आहे, प्लेसहोल्डर, म्हणजे फ्रेम सुरू होताच रिकामी फाईल ठेवायची सोय, चालू असेल तर ज्या फ्रेमवर लाईट गेली तिची रिकामी फाईल पडून राहते, आणि पुढच्या वेळी ब्लेंडर तिला झालेली समजून सोडतं. मग एडिटिंगला बसल्यावर मध्येच एक फ्रेम गायब. तुझ्या "पुढं चालू कर" बटणानं आधी शून्य साईझच्या फाईली पुसायच्या आणि मग सुरू करायचं. आणि एस्केपचं बघ, चाललेलं रेंडर एस्केप दाबलं की न विचारता थांबतं. तास-दोन तास चाललेलं असेल तर एकदा विचारायची सोय तुझ्या टूलमधनं करता आली तर बघ.

मराठी लेबलांचं म्हणशील तर, मी नेहमीची नावं तशीच ठेवते. एक्सपोजर, रफनेस, सॅम्पल्स हे शब्द पोरांनी क्लासमध्ये आणि व्हिडिओत ऐकलेले असतात, ते बदललेस तर त्यांना बाहेरची मदत मिळायची बंद होते. मराठी टूलटिपमध्ये आण, तिथं त्याची खरी गरज आहे. आणि टूलटिपमध्ये व्याख्या नको, दोनच गोष्टी लिही, हे वाढवलं की काय सुधारतं आणि त्याची किंमत काय. "वाढवलं तर काचेमागचं नीट दिसेल, वेळ वाढेल." एवढं वाचून माणूस निर्णय घेऊ शकतो. आयकॉन मोठे करून मला तरी फार फरक पडलेला दिसला नाही, लेबल नसलेला आयकॉन मोठा केला तरी तो कशाचा आहे ते कळत नाहीच.

सुरुवात कुठनं करू म्हणशील तर कोडिंग थांबव आणि त्या ऑफिसात एक दुपार जाऊन बस. सोपा सीन दे, मुद्दाम थोडा अंधारा, एक सोफा फायनलमध्ये गायब होणारा, आणि सांग की हे नीट करून क्लायंटला पाठवायचंय असं समजून कर. मग तू बोलायचं नाही. मदत करायची नाही, "नाही, तिकडं नाही" पण म्हणायचं नाही, हे लय अवघड जातंय पण कर. पहिल्यांदा माउस कुठं जातो, कुठं थांबतो, कुठली घडी उघडून परत बंद करतो, ते लिहून घे. तीन-चार जण बघितलेस की तीच तीच ठिकाणं परत यायला लागतील. बसताना एक ऑपरेटर निवड, एक आर्किटेक्ट निवड, आणि जमलं तर ज्यानं टूल सोडून दिलंय त्याला नक्की घे, तो सगळ्यात जास्त सांगेल.

मग काम या क्रमानं कर, रेंडरआधीची तपासणी आणि अंडू आधी, कारण ते आठवड्याभरात होईल आणि लोकांचा विश्वास परत येईल. त्यानंतर एक्सपोजर वर आणणं आणि लुमेनचं गणित. जुन्या फाईलमधनं घ्यायचं बटण त्याच्या पाठोपाठ. वेळेचा अंदाज आणि सॅम्पलच्या पायऱ्या सावकाश, त्यात मशीनप्रमाणं फरक पडतो म्हणून तपासायला वेळ लागतो.

त्या ऑफिसात कुठली ग्राफिक कार्डं आहेत आणि स्टिल जास्त करतात का वॉकथ्रू, तेवढं खाली लिही. आणि पॅनलचा पूर्ण स्क्रीनशॉट टाक, सगळ्या घड्या उघडून. साठातलं कुठलं आत ढकलायचं आणि कुठलं कोडमध्येच सोडवायचं ते एकेक करून बघू.